परड्यातल्या पाखरांसाठी स्वस्तात दाणापाणी: काय घ्यायचं, कुठल्या क्रमानं, आणि कुठे चुकतं

मार्चमध्ये, २० तारखेच्या चिमणी दिनाच्या आसपास, बेळगावात घरोघरी मातीची परळं येतात. गच्चीच्या कठड्यावर ती मांडली जातात, दुकानातून पाखरांच्या मिश्र धान्याचं पाकीट येतं आणि ते अख्खं एकदम ओतलं जातं. चार दिवसांत पारवे जमतात, आठवड्याभरात खालच्या मजल्यावरून तक्रार येते, आणि वळिवाचा पहिला पाऊस पडला की उरलेलं धान्य परळातच आंबतं. चिमणी आलेलीच नसते. टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये हेच आणि कंग्राळीतल्या बैठ्या घरातही हेच, कारण क्रम उलटा लागलेला असतो. खरेदी आधी होते, जागा नंतर शोधली जाते, आणि आपल्या भागात कुठली पाखरं आहेत हे कुणी बघितलेलंच नसतं.

दुसरी गफलत दराची. ३० रुपये किलोचं धान्य आणलं आणि त्यातलं अर्धं सांडून, भिजून वाया गेलं, तर ते ६० रुपये किलोनं पडलं. हिशेब पोटात गेलेल्या दाण्याचा करायचा. खालचे टप्पे त्याच हिशेबानं लावले आहेत आणि ते याच क्रमानं घ्यावेत.

टप्पा १: आठवडाभर नुसतं बघा

एक पैसाही खर्च करण्याआधी सकाळी सूर्य वर आल्यानंतरचा अर्धा तास आणि संध्याकाळचा अर्धा तास परड्यात किंवा गच्चीवर बसा. कोण येतं, कुठे बसतं, काय टिपतं, ते लिहून ठेवा. पक्ष्याचं नाव माहीत नसलं तरी अडत नाही, चोच बघा.

आखूड, जाड, त्रिकोणी चोच असेल तर दाणा खाणारं पाखरू: चिमणी, मुनिया, सुगरण. होल्याची चोच बारीक असते, पण तोही दाण्याचाच गिऱ्हाईक, फक्त दाणा सोलत नाही, अख्खा गिळतो. बुलबुल, तांबट, कोकीळ हे फळांवर येतात. साळुंकी आणि सातभाई मिळेल ते खातात. दयाळ, शिंपी, नाचण यांना किडे लागतात, त्यांच्यासाठी कितीही भारी धान्य ठेवलंत तरी ते ढुंकून बघणार नाहीत. शिंजीर मधावर जगतो, त्याच्यासाठी जास्वंद आणि हमेलिया लावा. साखरेचं पाणी टांगायच्या भानगडीत पडू नका: ते उन्हात आंबतं, मुंग्या जमतात आणि बाटली रोज घासावी लागते.

भागाप्रमाणेही फरक पडतो. खानापूर, जांबोटीकडे झाडी दाट, तिथे फळं खाणारी पाखरं जास्त मिळतील. निपाणी, चिकोडीकडे उघडं शिवार, तिथे होले, चिमण्या, मुनिया. बेळगाव शहरात शहापूर, वडगावच्या जुन्या कौलारू घरांत चिमण्या अजून टिकून आहेत, नव्या काचेच्या इमारतींत पारवेच जास्त.

*तपासा:* आठवड्यात एकही चिमणी दिसली नाही, तर चिमणीसाठी धान्य आणू नका. बुलबुल, साळुंक्या दिसत असतील तर सरळ टप्पा ७ कडे वळा. तुमचा खर्च जवळजवळ शून्यावर येईल.

टप्पा २: आधी पाणी

दाण्याच्या आधी पाणी सुरू करा. दाणा न खाणारी पाखरंही पाण्यावर येतात आणि खर्च काहीच नाही. कुंभाराकडचं पसरट, उथळ परळ घ्या. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको, आणि मध्ये पाण्याच्या वर डोकावणारा एक खडबडीत दगड ठेवा. खोल बादली किंवा गुळगुळीत स्टीलचा डबा ठेवलात तर लहान पाखरू आत घसरतं आणि बाहेर येऊ शकत नाही.

पाणी रोज बदलायचं, नुसतं वरून भरायचं नाही. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो. रोज ओतून टाकलं तर डेंगीच्या काळातही शेजाऱ्यांना बोलायला जागा उरत नाही. ओतलेलं पाणी कुंडीत घाला.

टप्पा ३: जागा ठरवा

पाखराला दोन गोष्टी हव्या: जवळ लपायला झुडूप आणि चारी बाजूंनी मोकळी नजर. झुडपापासून दोन-अडीच मीटर अंतर बरं. त्याहून जवळ ठेवलंत तर मांजर झुडपात दबा धरून बसतं, फार लांब ठेवलंत तर शिक्रा आला की पाखराला पळायला जागा नसते. मोठी काच असेल तर दाणा काचेला अगदी लागून ठेवा, हातभर अंतराच्या आत, नाहीतर चांगला लांब. मधल्या अंतरावरून घाबरून उडालेलं पाखरू पूर्ण वेगानं काचेवर आपटतं.

माकडं येणाऱ्या भागात (काकतीच्या डोंगराकडची आणि खानापूर तालुक्यातली मंडळी हे जाणतात) उघड्यावर केळी-पपई ठेवू नका. एकदा चटक लागली की पाखरं राहतील बाजूला, कौलं फुटतील.

आता पारव्यांचं. ते दाणा हुंगत येत नाहीत, मोकळी सपाट जागा आणि ढीग बघून येतात. म्हणून सपाट कठड्यावर पसरून टाकणं बंद करा. एक लहान टांगती थाळी, जेमतेम वीतभर, सुतळीनं लोंबकळेल अशी बांधा. पारव्याला हलत्या थाळीवर नीट बसता येत नाही. तरीही आले तर थाळीभोवती दीड इंच फटीच्या जाळीचा पिंजरा करा: चिमणी आत शिरते, पारवा बाहेर राहतो. होलाही बाहेर राहील. त्याच्यासाठी लांब कुठेतरी जमिनीवर चिमूटभर दाणा वेगळा टाकायचा.

*सावधान:* पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांना वाईट. घरात दम्याचं माणूस किंवा लहान मूल असेल तर खिडकीखाली, एसीच्या डब्यावर किंवा पाण्याच्या टाकीजवळ दाणा अजिबात नको. मुंबईत कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये किती रण माजलं ते सगळ्यांनी बघितलं, आपल्या अपार्टमेंटमध्ये त्याची छोटी आवृत्ती काढायची गरज नाही.

टप्पा ४: धान्य निवडा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा सावकाश.

*नाचणा.* सुरुवात याच्यानं करा. सीमाभागात कुठल्याही किराणा दुकानात मिळतो, दाणा बारीक, चिमणी आणि मुनिया दोघांच्या चोचीला बसतो आणि कोरडा ठेवला तर लवकर कीड लागत नाही. मला विचाराल तर एकच धान्य घ्यायचं झालं तर हेच घ्यावं.

*राळं.* पाळीव पक्ष्यांच्या दुकानात रंगीत पाकिटात 'कांगणी' म्हणून जे मिळतं ते बहुधा हेच. धान्याच्या दुकानात सुटं मागा, दुकानदार कन्नड बोलणारा असेल तर 'नवणे' म्हणा. पाकिटातल्यापेक्षा सुटं स्वस्त पडतं. माणसांच्या खाण्यासाठी सोललेलं राळं मिळतं ते महाग आणि लवकर खवट होणारं, तुम्हाला सालासकट हवं. पाखरू साल स्वतः काढतं.

*बाजरी.* चिमणी आणि होला दोघांना चालते. पिठाला मात्र लवकर खवटपणा येतो, म्हणून गिरणीतून भरडून आणू नका, अख्खीच घ्या.

*जोंधळा.* भाकरीच्या घरात डब्यात असतोच. अख्खा दाणा होल्याला सोपा, चिमणीला मोठा. जात्यावर किंवा मिक्सरमध्ये एक फेरा देऊन जाडी भरड करा आणि तेवढीच करा जेवढी दोन दिवसांत संपेल. मक्याचंही तसंच. अख्खा मका टाकणं म्हणजे पारव्यांना आमंत्रण.

*तांदळाची कणी.* भातपट्ट्यात राहणाऱ्यांची ही चैन. येळ्ळूर, कडोली, उचगावकडे भात कांडून आणला की घरात कणी उरतेच, राईस मिलमध्येही ती तांदळापेक्षा बरीच स्वस्त. कच्चा तांदूळ पोटात फुगून पाखरू मरतं, हे तुम्ही ऐकलं असेल, पण त्यात तथ्य नाही. भातशेतातली पाखरं कच्चाच दाणा खातात. शिजवलेला भात ठेवायचा असेल तर बिनमिठाचा, मूठभर, आणि संध्याकाळपर्यंत उचलायचा.

*पाखडण.* सुगी संपल्यावर सुपात पाखडून बाजूला काढलेल्या कचऱ्यात फुटके दाणे, रानगवताचं बी असं बरंच असतं. शहरात राहत असाल तर गावाकडच्या घरी सांगून ठेवा, पोतंभर फुकट मिळेल. आणलं की उन्हात पसरा आणि माती चाळून काढा.

*सूर्यफूल.* राघूंसाठी लोक आणतात. राघू निम्मं खातो, निम्मं फेकतो. स्वस्त खाद्याच्या यादीतून हे काढून टाका.

पाकिटातल्या मिश्र धान्याविषयी एवढंच: चिमणी आपल्याला हवा तो दाणा शोधताना बाकीचा चोचीनं उडवते. खाली पडलेला गहू, मका पारवे आणि उंदीर वेचतात. एका वेळी एकच धान्य ठेवा, फार तर दोन.

*सावधान: पेरणीचं उरलेलं बियाणं.* शेतकरी घरांतली ही सगळ्यात घातक चूक. मका, जोंधळा, सोयाबीनच्या पिशवीतलं उरलेलं बी "वाया कशाला" म्हणून पाखरांना टाकलं जातं. गुलाबी, लाल, निळा किंवा हिरवा रंग चढलेलं बी औषध चोळलेलं असतं. त्यातली काही औषधं अशी की मोजके दाणेही चिमणीएवढ्या जिवाला पुरतात. धुतल्यानं रंग जातो, विष जाईलच असं नाही. हे बी पाखरांना नको, कोंबड्यांना नको, आणि पेरतानाही बांधावर सांडलेलं मातीखाली झाका.

*सावधान: बुरशी.* हिरवट-काळपट डाग पडलेला मका किंवा शेंगदाणा फेकून द्या. त्यातलं विष उन्हात वाळवून किंवा भाजून हमखास जात नाही. "माणसांना नको, पाखरांना चालेल" हे वाक्य घरात कुणी म्हणालं की तो डबा आधी हुंगून बघा.

काय ठेवायचंच नाही

फरसाण, शेव, चिवडा, खारे दाणे: लहान शरीराला एवढं मीठ झेपत नाही. बिस्किट आणि ब्रेडनं पोट भरतं, पोषण नाही, आणि पावसाळ्यात त्यांना रात्रीत बुरशी येते. दूध पचत नाही. चॉकलेट आणि अव्हाकाडो विषारी. शिळी भाकरी चुरून, कोरडी आणि थोडीशी, कधीतरी चालेल. पण रोजचा उरलेला पोळी-भाताचा काला गच्चीवर ओतणं म्हणजे कावळे आणि घुशी पाळणं, आणि घुशींमागून सापही येतो.

टप्पा ५: खरेदी आणि साठवण

पहिल्या वेळी पाव किलो. त्याहून जास्त नको, दुकानदार कितीही आग्रह करो. पाखरांना पसंत पडतंय हे दिसल्यावर महिन्याचं आणा. रविवार पेठेतल्या घाऊक दुकानांत दर कमी असतो, पण पाच किलो घेऊन ते पावसाळ्यात दमट होणार असेल तर तो कमी दर तुम्हाला लाभत नाही. दोन-तीन घरांनी मिळून घ्या आणि वाटून घ्या.

घेण्याआधी दुकानातच चार गोष्टी करा. मूठभर धान्य हातावर घेऊन वास घ्या, कुबट नको. फुंकर मारा, पिठासारखी धूळ उडाली तर आत कीड आहे. दाणा दाताखाली फोडून बघा, कडक आवाज यायला हवा. आणि धान्याला कसली पावडर किंवा गोळी लावली आहे का ते विचारा. पाऱ्याच्या गोळ्या, बोरिक पावडर, किंवा गोदामात वायू सोडणाऱ्या गोळ्यांची राखाडी भुकटी मिसळलेलं धान्य पाखरांसाठी घ्यायचं नाही.

घरी आणलं की एक दिवस कडक उन्हात वाळवा, थंड होऊ द्या आणि मगच झाकणाच्या डब्यात भरा. गरम भरलं तर आत घाम धरतो. वर कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका, एवढं पुरतं.

टप्पा ६: किती आणि केव्हा

चिमणीचं वजन २५ ते ३० ग्रॅमच्या आसपास, दिवसाला तिला थोडेच ग्रॅम दाणा लागतो, आणि त्यातलाही बराचसा ती बाहेर मिळवते. दहा-बारा चिमण्यांसाठी दिवसाला एक मूठ, म्हणजे ४०-५० ग्रॅम, भरपूर झालं. महिन्याला दीड किलो. याहून जास्त लागत असेल तर ते कोण खातंय ते बघा.

अर्धी मूठ सकाळी, अर्धी दुपारी चारच्या सुमाराला. दुपारचा दाणा अंधार पडण्याआधी संपायला हवा, रात्री उरलेला उंदरांचा. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे कुणी आलं नाही तर जागा बदलत बसू नका. नवीन वस्तूला पाखरू बिचकतं. रोज त्याच वेळी, त्याच जागी, तेवढाच दाणा ठेवत राहा.

*तपासा:* थाळी भरलेली दिसते पण पाखरं येऊन रिकामी परत जातात? वरून फुंकर मारा. नाचणा-राळ्याची नुसती टरफलं उरलेली असतात आणि माणूस समजतो की दाणा आहे. चांगली चालणारी थाळी अशी "भरलेली" राहून बंद पडते. रोज टरफलं उडवून मगच नवा दाणा घाला.

टप्पा ७: फळं

बाजार संपताना पिकून काळं पडलेलं केळं, डागाळलेली पपई, मऊ पडलेला पेरू किंवा चिकू अगदी थोडक्यात मिळतो. पपई उभी कापून अर्धी फांदीवरच्या खिळ्याला खोचा, बियांसकट. केळं सोलून टाकू नका, सालीचा एक पट्टा काढून टांगा, म्हणजे मांस सुकत नाही. बुलबुल पहिले येतात, मग साळुंक्या, नशीब असेल तर तांबट. पिकलेलं चालतं, आंबलेलं नाही. दारूसारखा वास आला की उचला. उन्हाळ्यात ते दुपारपर्यंतच टिकतं. साली खताच्या खड्ड्यात.

टप्पा ८: सफाई

याचा कंटाळा येणार असेल तर दाणा ठेवूच नये, नुसतं पाणी ठेवावं. एका थाळीवर वीस पाखरं येतात, एक आजारी असलं तर बाकीच्यांना लागण होते. थाळी आठवड्यातून एकदा साबणानं घासा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. घासताना हातमोजे घाला, आणि ती घासणी स्वयंपाकघरात परत नेऊ नका. थाळीखालची जमीनही झाडायची, सांडलेला दाणा ओलसर मातीत कुजतो.

फुगून बसलेलं, डोळे सुजलेलं, जवळ गेलं तरी न उडणारं पाखरू दिसलं तर दोन आठवडे दाणा बंद. पाखरं विखुरतात, तेच औषध. एकाच वेळी बरीच पाखरं मेलेली दिसली तर हात लावू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

टप्पा ९: ऋतू बघून हात आखडा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे झड लागते. उघड्या थाळीतला दाणा दिवसभरात भिजतो आणि दुसऱ्या दिवशी मोड येतो. वळचणीखाली हलवा, मूठ अर्धी करा, भिजलेला दाणा लगेच काढा. जांबोटी, कणकुंबीकडे तर या महिन्यांत धान्य बंद ठेवलेलंच बरं.

चिमण्यांना पिल्लं असतात तेव्हा त्यांना दाण्यापेक्षा अळ्या जास्त लागतात. मोठी चिमणी दाणा खाते, पिल्लाला किडे भरवते. त्या दिवसांत परड्यातल्या कढीपत्त्यावर, जास्वंदीवर औषध फवारलंत तर थाळीतल्या दाण्यानं ती भरपाई होत नाही. पानं थोडी खाल्ली गेली तर जाऊ द्या.

सुगीत शिवारभर दाणा सांडलेला असतो, थाळीवर गर्दी घटते. नवं काही आणू नका, उरलेलं संपवा. शेतातून आलेल्या भाताच्या लोंब्यांची एक जुडी मात्र दारावर टांगून ठेवा, चिमण्या थाळीपेक्षा तिच्यावर जास्त रमतात. मार्चपासून पुन्हा दोन्ही वेळ दाणा, आणि पाणी दिवसातून दोनदा बघायचं.

टप्पा १०: विकत घेण्याऐवजी पेरा

कढीपत्ता, तुती, पेरू, पपई यांपैकी एक-दोन झाडं असतील तर बुलबुल-कोकिळांचा प्रश्न बराच मिटतो. कढीपत्त्याला काळी फळं धरली की ती खुडू नका, तेवढंच. घाणेरीला पाखरं येतात हे खरं, पण ती मुद्दाम लावू नका, एकदा पसरली की आवरत नाही.

जागा नसेल तर पसरट कुंड्यांत राळं पेरा. पहिला पाऊस झाला की चिमूटभर बी विस्कटून वर पातळ मातीचा थर द्या, रोपं वीतभर झाली की दाटी विरळ करा. साधारण तीन महिन्यांत कणसं भरतात. ती कापायची नाहीत, ताटं तशीच उभी ठेवायची. मुनिया कणसाला लटकून दाणा काढतात आणि टरफल कुंडीतच पडतं, झाडलोट नाही. फक्त एका चांगल्या कणसावर दाणा भरायला लागला की जुन्या मलमलची पिशवी बांधून ठेवा, नाहीतर पुढच्या जूनला पेरायला दाणा राहणार नाही.